थाप मारली की सोडायचं

शिरोडा,
२० सप्टेंबर २०२४

चि. संचिता,
अनेक आशीर्वाद.

रोज फोन होतो, मग आतेला आज कागद कशाला सुचला, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस तेव्हा अख्खं घर ऐकत असतं. भाई दुकानातून उगाच आत येतो आणि भरलेल्या कळशीत पाणी आहे का बघतो. मागच्या खोल्यांमधले पर्यटक नेमका तेव्हाच चहा मागतात. आणि तू 'बरी आसंय गो' म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहिते आहे. फोटो काढून पाठवायला मी आता शिकले, खोल्यांचं बुकिंग सगळं त्यावरच येतं.

गणपतीच्या शेवटच्या आरतीला तुला फोनवर घेतलं होतं, आठवतंय? तू टाळ्या वाजवत होतीस आणि ओढणी सरकली. गळ्याखाली निळा पट्टा होता. एक कान सुजून करंजीसारखा झालेला. दंडावर तर बोटं उमटलेली स्पष्ट दिसली. मला वाटलं, मलाच दिसलं. पण शेजारची नम्रता माझ्या खांद्यावरून बघत होती. आरती संपल्यावर प्रसाद घेताना हळूच म्हणाली, "चेडू थंय एकटाच रवता मा, मथुराबाय?" मी 'हो, एकटीच राहते' म्हटलं. तिने आणखी काही विचारलं नाही, तेच मला जास्त लागलं.

तुझी आई गेली तेव्हा तू सहावीत होतीस. तेव्हापासून तुझ्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा मला ठाऊक आहे. झाडावरून पडल्याचा वेगळा, ज्युडोच्या स्पर्धेतला वेगळा. हे वळ मला ओळखता येत नाहीत.

मार्चमध्ये तू लिस्बनला गेलीस, हॉस्टेलातलं काम करीन आणि ती तुमची कुस्ती शिकेन म्हणालीस. भाई नको म्हणत असताना मी तुझी बाजू घेतली. बाप असून तो अजून तुझ्याशी फोनवर बोलत नाही. तेव्हा मला तरी खरं सांग. कोण मारता तुका? कोणाबरोबर राहतेस का तू? राहत असशील तर राह, मी भाईला सांगणार नाही. पण मारणाऱ्याबरोबर राहू नको गो.

तुझी,
आते


लिस्बन,
२७ सप्टेंबर

प्रिय आते,

तुझं पत्र ट्राममध्ये वाचलं आणि इतकी हसले की समोरची बाई जागा बदलून बसली. मला कोणी मारत नाही! मी कोणाबरोबर राहत नाही! अकादमीच्या वरच्या मजल्यावर खोली आहे, आम्ही तिघी मुली तिथे राहतो. खोली आमच्या प्रोफेसरांची आहे. इथे या खेळाच्या गुरूला प्रोफेसर म्हणतात. बदल्यात मी रोज खालच्या गाद्या पुसते आणि लहान मुलांचा वर्ग सांभाळते.

तुला नीट सांगते, म्हणजे नम्रताकाकीलाही सांगता येईल. ब्राझिलियन जिऊ-जित्सू म्हणजे ज्युडोचं भावंडच, पण सगळा खेळ जमिनीवर. ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला धरायचं, अडकवायचं आणि असा पेच टाकायचा की त्याला हलता येऊ नये. गळ्याची कॉलर आवळतात, त्याचा तो निळा पट्टा. कान गादीवर घासून सुजतो. आणि दंड तर प्रत्येकजण धरतो, त्याशिवाय खेळच होत नाही.

आणि हा जगातला सगळ्यात सभ्य खेळ आहे, खरंच. पेच सहन होईना झाला की समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर थाप मारायची. थाप मारली की सोडायचं, हा पहिला नियम. लहान मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवते.

जानेवारीत मोठी स्पर्धा आहे. प्रोफेसर म्हणतात, तू तयार होशील. आते, सहा महिन्यांत असं कोणाला म्हणत नाहीत ते. तू काळजी करू नको. भाईंना सांग, मी जेवते वेळेवर.

तुझी,
संचिता


शिरोडा,
१० ऑक्टोबर

चि. संचिता,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. थापा मारण्यात तू लहानपणापासून हुशार, तेव्हा हा खेळ तुला जमणारच. नम्रतेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे गळो आवळतत, पण इचारून." मी म्हटलं, तसंच काहीतरी.

थट्टा पुरे. मी पत्र परत परत वाचलं आणि एक गोष्ट खुपते आहे. तू लिहिलंस की थाप मारली की सोडायचं हा नियम आहे. सोडतात, असं तू कुठे लिहिलं नाहीस. माशांच्या लिलावालाही नियम असतात आणि मी रोज तिथे उभी असते.

दुसरं. रविवारी तू फोनवर बोलताना केस विंचरत होतीस. डाव्या हाताने. तू उजवी आहेस, मला शिकवायला नको. मी विचारलं तर म्हणालीस, फणी त्या बाजूला होती.

तुझा तो प्रोफेसर वयाने केवढा आहे? बायकामुलं आहेत? रोज किती वेळ तो तुमच्यात असतो? तुझ्या खोलीची चावी त्याच्याकडे असते का? रागावू नको. घरात मुलगी वाढवलेल्या बाईला हे प्रश्न पडतातच.

तुझा पूर्ण पत्ता मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून पाठव. आमसुलं आणि तिरफळं धाडायची आहेत.

तुझी,
आते


लिस्बन,
२४ ऑक्टोबर

प्रिय आते,

पत्ता खाली दिला आहे. तिरफळं कस्टममध्ये अडकतील, फक्त आमसुलं पाठव.

प्रोफेसर रुबेन पंचेचाळिशीचे असतील. बायको आहे, दोन मुलगे आहेत, तेही खेळतात. कसली चावी आणि कसलं काय! सगळ्यांच्या देखत शिकवतात. आमच्या भागात त्यांना इतका मान आहे की बेकरीवाला त्यांच्याकडून कॉफीचे पैसे घेत नाही. माझं हॉस्टेलातलं कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं, तिथला मॅनेजर त्यांचा जुना शिष्य आहे.

ते कडक आहेत, एवढंच. त्यांचं म्हणणं, थाप लवकर मारणारा कधी मोठा होत नाही. म्हणून ते कधी कधी थोडं जास्त धरून ठेवतात. स्पर्धेत समोरचा दया दाखवणार नाही ना! आणि सगळ्यांनाच तसं करतात, माझ्यावर वेगळा राग नाही.

हाताला थोडी लचक आहे. होते कमी.

घाईत आहे. मुलांचा वर्ग सुरू होईल.

संचिता


लिस्बन,
१६ नोव्हेंबर

आते,

तू काय केलंस हे तुला कळतंय का?

आमसुलं पाठवते म्हणालीस आणि फिलोमेनाबाईंना पाठवलंस. 'आरोंद्याच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची, आता लिस्बनजवळ लेकाकडे असते' एवढं तू मला कधीतरी सांगितलं होतंस. गुरुवारी संध्याकाळी त्या अकादमीत आल्या. हातात सामानाची ढकलगाडी, डब्यात नेवऱ्या, आपल्या करंज्यांसारख्या. मुलांचे आईबाप बसतात त्या बाकावर बसल्या. मला वाटलं, तुझी मैत्रीण आहे, बसू दे.

प्रोफेसर माझ्यावर पेच दाखवत होते. हात दोन्ही पायांत धरून कोपर उलटीकडे न्यायचं. मी थाप मारली. ते वर्गाला समजावत होते, "बघा, ही किती लवकर हार मानते," आणि धरून होते. मी परत मारली. तेवढ्यात फिलूबाई उठल्या आणि बूट घालून गादीवर आल्या. बूट घालून! आते, आमच्या गादीवर बूट म्हणजे तुझ्या देवघरात चपला. आणि ओरडल्या, "लार्गा! लार्गा!" म्हणजे सोड. प्रोफेसरांनी वर बघितलं, तर ह्यांचं सुरू झालं, "सोड तिका, मेल्या! चेडू थापटता ता दिसना तुका?"

 मुलांचे आईबाप उभे राहिलेले. प्रोफेसरांनी सोडलं आणि हसले. फिलूबाई माझा हात धरून म्हणतात, "चल, घरा चल." मी हात सोडवून घेतला. त्यांना बाहेर जायला सांगितलं.

नंतर प्रोफेसरांनी मला बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, घरच्यांना इथे आणायचं असेल तर त्यांच्याच घरी राहा. सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितली आहे. मी गादीवरचे बुटांचे डाग पुसत बसले, डाव्या हाताने पुसायला किती वेळ लागतो तुला माहीत नाही.

मी इथे आठ महिने कोणाला नावं ठेवायला जागा दिली नव्हती. तू मला विचारलं असतंस एकदा. आता पत्र पाठवू नकोस.

संचिता


शिरोडा,
१८ नोव्हेंबर

चि. संचिता,

पाठवू नको म्हणालीस, तरी हे एक पाठवते.

हो, मी फिलूला सांगितलं. आमसुलाचं निमित्त केलं, हेही खरं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मला परत रविवारचा फोन, परत 'बरी आसंय'. तुझा हात पाच हजार मैलांवरून मला दिसेना, म्हणून मी दुसरीचे डोळे मागून घेतले. मला वाटलं होतं, ती तुझ्या खोलीत डोकावेल, एखादा पुरुष आहे का बघेल आणि मला कळवेल. मी चुकीच्या माणसाला शोधत होते.

फिलूने रात्री मला फोन केला.  पहिल्यांदा म्हणाली, "मथुरे, माजी भाशा चुकली, मी गावठी बोललंय." मग म्हणाली, "तो हसत होतो गो. ता थापटत होता आणि तो हसत होतो."

माफी मागायची की नाही ते तू ठरव. पण तू मला सांग, तू थाप मारलीस आणि त्याने सोडलं नाही, तर माफी कोणी मागायची असते तुमच्या खेळात?

आते


शिरोडा,
५ डिसेंबर

संचिता,

फोन लागत नाही. मेसेजवर एकच खूण येते, दुसरी येत नाही. फिलू परवा तुमच्या अकादमीच्या दारात जाऊन आली. खोलीतल्या मुलीने सांगितलं, ती सामान घेऊन गेली. कुठे, ते माहीत नाही म्हणाली.

भाई दुकान लवकर बंद करतो. विचारत काही नाही, नुसता माझ्या फोनकडे बघतो. काल एक पर्यटक 'मॅडम, भातात मीठ जास्त झालंय' म्हणाला, तर मी त्याच्या पानासमोर उभी राहून रडले. बिचाऱ्याने सगळा भात संपवला.

रागावलेली राहा. पण जिवंत आसंय एवढा कळव गो चेडवा. बाकी काय नको.

आते


लिस्बन,
१२ डिसेंबर

प्रिय आते,

जिवंत आहे. फोन बंद ठेवला होता, कारण प्रोफेसरांचे आणि हॉस्टेलच्या मॅनेजरचे सारखे फोन येत होते. तुझ्यासाठी तरी उघडायला हवा होता.

आता सगळं सांगते.

रागाच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, पण त्या गुरुवारी मी डाग पुसत होते तेव्हा बेआत्रिस शेजारी येऊन बसली. वरच्या खोलीत ती आणि मी आठ महिने एकत्र राहिलो, पण खेळाशिवाय कधी बोललो नव्हतो. तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाली, "माझा खांदा गेल्या वर्षी. मी पण थाप मारली होती." तेवढ्यात इनेस आली. तिची दोन बोटं सरळ होत नाहीत, मला वाटायचं जन्मापासून तशी आहेत. आम्ही तिघी एका छपराखाली राहत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच कच्च्या आहोत.

माझं कोपर सप्टेंबरपासून दुखत होतं. गणपतीच्या आरतीला मी फोनवर टाळ्या वाजवल्या ना, तेव्हा उजवा हात नुसता डाव्यावर ठेवत होते. लचक नव्हती ती. मी माफी मागितली नाही. तुझं माफीबद्दलचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. कोपरातलं लिगामेंट फाटलं आहे. ऑपरेशन बहुतेक लागणार नाही, पण कित्येक महिने खेळ बंद. जानेवारीची स्पर्धा गेली. हे लिहिताना बरं वाटतंय असं नाही. मी याच्यासाठी इथवर आले होते.

आता बेआत्रिसच्या मावशीच्या घरी राहते. बेआत्रिसने इथल्या संघटनेकडे तक्रार केली आहे. चौकशीला आम्हा तिघींना बोलावतील. त्या दोघी इथल्या आहेत, त्यांना घर आहे. माझं काम प्रोफेसरांच्या शिष्याकडे, आणि त्या कामाच्या कागदांवर माझं इथलं राहणं. काल मॅनेजर म्हणाला, "तू शहाणी मुलगी आहेस, तुला या भांडणात काय मिळणार?" धमकी नव्हती ती, चहा देता देता बोलला. मी तो चहा तसाच ठेवून निघाले.

रस्त्यात प्रोफेसरांच्या उंचीचा माणूस दिसला तरी मी पलीकडे जाते. भाषा मला अर्धवट येते. चौकशीत ते माझ्यासमोर बसलेले असतील आणि मला तोंडच फुटलं नाही तर? गेले नाही तर सगळं पहिल्यासारखं चालू राहील. त्या वर्गात मुलं आहेत आते, त्यांना मी शिकवलंय की थाप मारली की सोडतात.

तू सांग, काय करू?

संचिता


शिरोडा,
२२ डिसेंबर

चि. संचिता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लगेच उत्तर लिहायला बसले. लिहिलं, परत ये. परक्या गावात साक्षी द्यायला जाऊ नये, आपली माणसं पाठीशी नसतात, पहिल्या विमानाने ये. दोन पानं भरली. मग ती तशीच ठेवून मी तुझं पत्र भाईला वाचून दाखवलं. मधलं काही गाळलं नाही.

तो शेवटपर्यंत दुकानातला माल लावत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "तो सोडी नाय होतो, तेव्हा थंय आणखी माणसां होती?" मी म्हटलं, होती, हॉलभर. "आणि उठली कोण? ती तुझ्या शाळेतली, केरीची फिलू?" मी हो म्हटलं. तो जेवला नाही. सकाळी मला म्हणाला, "तिका इचार, फोनार येतला काय. माका हात बघूचो आसा." तर त्याचा फोन येईल, घाबरून जाऊ नको. तो काय बोलेल ते मलाही माहीत नाही.

मग मी माझी ती दोन पानं परत वाचली. त्यात तुझ्यासाठी काही नव्हतं, सगळी माझी भीती होती. तुझी आई गेल्यापासून मी घाबरतच तुला वाढवलं. समुद्रावर गेलीस की घाबरायचं, पणजीला शिकायला गेलीस की घाबरायचं. ती भीती माझी आसा, ती तुका आंदण देवची नाय. म्हणून ती पानं चुलीत टाकली.

तू विचारलंस, काय करू. मला खरंच सांगता येत नाही. तिथे जाऊन काम गेलं तर मी इथून काही करू शकणार नाही. गेली नाहीस तरी तू माझीच आहेस, या घराचं दार लावलेलं नाही, आणि कोणी का आलीस विचारलं तर मी बघून घेईन. पण गेलीस, तर एकटी जाऊ नको. आणि पोटभर खाऊन जा. रिकाम्या पोटी माणूस लवकर हो म्हणतो.

मी रोज रवळनाथाकडे जाते. काय मागायचं ते अजून ठरलं नाही, नुसती उभी राहते.

तुझी,
आते


लिस्बन,
२० जानेवारी २०२५

प्रिय आते,

भाईंचा फोन आला होता, ते तुला कळलंच असेल. पहिलं वाक्य होतं, "वाकव बघू." मी वाकवला. "आता सरळ कर." पूर्ण होत नाही म्हटलं. ते बराच वेळ नुसते हाताकडे बघत राहिले, मी फोन धरून उभी. मग म्हणाले, "जेवलंस?" आणि ठेवून दिला. मी त्यानंतर जिन्यात बसून खूप रडले. चौकशीला जायचं ते तिथेच ठरलं.

परवा झाली. एका शाळेच्या खोलीत, लांब टेबल, पलीकडे संघटनेची तीन माणसं. प्रोफेसर बाजूला बसले होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, जणू वर्ग सुरू व्हायचा आहे.  बेआत्रिस आधी बोलली, मग इनेस. माझी पाळी आली तेव्हा पाठ करून आणलेलं सगळं पोर्तुगीज उडून गेलं.

टेबलामागच्या बाईंनी विचारलं, थाप मारली होती का? मी म्हटलं, हो. किती वेळा? पुन्हा पुन्हा. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, सरावाच्या भरात कधी कधी कळत नाही. तेव्हा मला भाषा सुचली नाही, म्हणून मी उठले, जमिनीवर बसले आणि दाखवलं. त्यांचा पाय कुठे होता, माझा हात कुठे होता, आणि मी थाप कुठे मारली. त्यांच्या मांडीवर. मग म्हटलं, "मांडी यांची आहे, यांना कळली नाही?" बस, तेवढंच बोलले. उठताना उजवा हात टेकला आणि कळ मस्तकात गेली, पण कोणाला दिसू दिली नाही.

निकाल अजून लागलेला नाही. तोवर त्यांनी शिकवायचं नाही, एवढं सांगितलं आहे. काही आईबाप आमच्यावर रागावले आहेत, एकीने बेआत्रिसला रस्त्यात खूप बोलून घेतलं. हॉस्टेलमध्ये पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणाले. दुसरीकडे बोलणं चालू आहे, मिळेल असं वाटतं, नक्की नाही. भीती गेलेली नाही आते, तुला खोटं सांगत नाही. बेआत्रिसने एका शाळेचा हॉल संध्याकाळपुरता घेतला आहे. मी कडेला बसून मुलांना शिकवते, तोंडाने. हात बरा झाला की परत पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे अगदी नवख्या पोरांबरोबर सुरुवात.

एक गोष्ट राहिली. तू म्हणालीस एकटी जाऊ नको, म्हणून मी फिलूबाईंच्या घरी गेले, त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच. माफी मागायची ठरवून गेले होते, त्यांनी बोलूच दिलं नाही, पानात कालवण वाढलं. चौकशीच्या दिवशी त्या रविवारच्या चर्चची चांगली साडी नेसून आल्या. गोव्यात पेडण्याकडच्या ख्रिस्ती बायका नेसतात तशी, वर कोट. त्यांनाही साक्ष द्यायची होती. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, तुम्ही या मुलीच्या कोण?

मी सांगणार होते, घरच्या ओळखीच्या आहेत म्हणून.

फिलूबाई म्हणाल्या, "मी तिची आते."

बाईंनी विचारलं, सख्खी?

"सख्खी," त्या म्हणाल्या. "शिरोड्याची."

मी गप्प बसले. तू रागावू नकोस.

तुझी,
संचिता